सुरुंगांचा खेळ आणि त्याची उकल

आपल्याकडे खेळ कोणी मुद्दाम शिकवत नाही. आट्यापाट्यांत थोरल्या भावाच्या मागे धावता धावता नियम कळतात, सारीपाटात आजी आपला हात धरून सोंगटी योग्य घरात ठेवते, आणि बुद्धिबळातला घोडा अडीच घरे कसा जातो हे पारावरचे एखादे निवृत्त मास्तर दाखवून देतात. ह्या प्रत्येक खेळामागे सांगणारे एक माणूस असते, आणि चुकले की ओरडणारेही तेच असते. गेल्या तीसपस्तीस वर्षांत मात्र संगणकाबरोबर एक निराळ्याच जातीचा खेळ आपल्या कचेऱ्यांत येऊन बसला. त्याला ना आजी, ना थोरला भाऊ. तो उघडावा तर समोर करड्या घरांचा एक पट येतो, आणि पुढे काय करायचे ह्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. इंग्रजीत मदतीचे एक पान होते हे खरे, पण ज्यांची शाळा सातवीलाच सुटली त्यांना ते असून नसल्यासारखे. अशा खेळाचे नियम स्वतः शोधून काढणे हाच मुळी पहिला डाव, आणि आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

विंडोज प्रणालीबरोबर मिळणारा ‘माइनस्वीपर’ हा तो खेळ. आपण त्याला सुरुंगांचा खेळ म्हणू. मायक्रोसॉफ्ट कंपनीतील रॉबर्ट डॉनर आणि कर्ट जॉन्सन ह्या दोघांनी तो रचला. १९९० साली तो कंपनीच्या एका खेळसंचात निघाला आणि १९९२ साली विंडोज ३.१ बरोबर प्रत्येक यंत्रावर फुकट मिळू लागला. पत्त्यांचा सॉलिटेअर १९९० सालीच विंडोज ३.० बरोबर आला होता. त्या काळी माउस ही वस्तूच लोकांना नवी होती. पत्त्यांच्या खेळाने माणसाला वस्तू धरून ओढायला शिकवले आणि सुरुंगांच्या खेळाने डावे बटण व उजवे बटण ह्यांतला फरक बोटांत भिनवला, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. कंपनीच्या मनात काय होते हा प्रश्न सोडून देऊ. आमच्याकडे तरी तसेच घडले.

घडले ते असे. २००४ सालचा उन्हाळा होता. गाळप संपले होते, धुराडी थंड पडली होती, आणि हंगामी कामगार घरी बसले होते. बारामती-इंदापूर भागातील एका कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर आणि टाइम ऑफिसात संगणक बसवायचे ठरले होते. यंत्राला आमची हरकत नव्हती. परंतु पंचेचाळिशी उलटलेल्या कारकुनांना हे जमायचे नाही, त्यांना यार्डात हलवावे आणि बाहेरून शिकलेली मुले आणावीत, अशी भाषा वरच्या खुर्च्यांवरून सुरू झाली. काट्यावरच्या माणसाला यार्डात उभे करणे म्हणजे नुसती जागेची बदली नव्हे. ज्याच्या सहीवर शेतकऱ्याच्या उसाचे वजन ठरते, त्याची पत त्यात जाते. आम्ही हंगाम सुरू होईपर्यंतची मुदत मागून घेतली आणि युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक आणून ठेवला.

महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले होते आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावी निघाले होते. ते चांगलेच होते. पण त्या वर्गात शेजारच्या खुर्चीवर आपल्या मुलीच्या वयाची मुले बसलेली असत, आणि त्यांच्यासमोर थरथरत्या हाताने माउस फिरवण्याची ह्या लोकांना लाज वाटे. आमच्या कचेरीत ती वाटत नसे, कारण तेथे सगळेच थरथरणारे. लासुर्ण्याहून, भवानीनगरहून, निमगाव केतकीहून संध्याकाळच्या एस.टी.ने माणसे येत. पहिल्या दिवशी एकाने माउस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला नेला आणि विचारले, “साहेब, आता टेबल संपलं. पुढं कुठं न्यायचा ह्यो?” आम्ही काही सांगण्याच्या आत वर्कशॉपमधला एक फिटर म्हणाला, “अहो अण्णा, पाना फिरवताना जागा संपली की काय करता? काढायचा आणि पुन्हा लावायचा. तसाच हा उचला आणि मागं आणून ठेवा.” माउसविषयी आम्ही पुढे बरेच काही वाचले, पण इतके नेमके स्पष्टीकरण कोठे सापडले नाही.

आता खेळाकडे वळू. त्या यंत्रावर विंडोज एक्सपी होती. तिच्यातील सर्वांत सोप्या डावात नऊ ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ घरे, म्हणजे एकूण ८१ घरे असत. वर डावीकडे १० हा आकडा, उजवीकडे सेकंद मोजणारे घड्याळ, आणि मधोमध एक पिवळा हसरा चेहरा. एका घरावर डावे बटण दाबले की कधी ते एकटेच उघडे आणि आत १ किंवा २ असा आकडा दिसे. कधी एकदम वीसपंचवीस घरांचा तुकडा उघडून मोकळे मैदान होई आणि त्याच्या काठाने आकड्यांची रांग उभी राही. आणि कधी काळा सुरुंग फुटून त्या हसऱ्या चेहऱ्याचे डोळे फुलीसारखे होत. मग डाव संपे.

हे आकडे काय सांगतात? पहिल्या संध्याकाळी तीन मते निघाली. एकाच्या मते ते गुण होते. जितका मोठा आकडा, तितकी कमाई. ते मत लवकरच मागे पडले, कारण कमाईची बेरीज कोठेच होत नव्हती. दुसऱ्याच्या मते सुरुंग किती घरे लांब आहे हे आकडा सांगत होता. १ म्हणजे शेजारी, २ म्हणजे दोन घरे पलीकडे. हे मत मोठे पटण्याजोगे होते, आणि म्हणून ते टाकण्यास वेळ लागला. तिसरे मत आमच्या कचेरीचे राखणदार, ज्यांना सारे तात्या म्हणत, त्यांचे. ते खुर्चीवर बसलेच नाहीत. दारात उभ्या उभ्या म्हणाले, “आकडा फुकट न्हाई आलेला. बार मोजल्यागत मोजतोय त्यो.”

ह्या वाक्यातले मर्म कळण्यासाठी थोडे बाजूला जावे लागेल. बारामती आणि इंदापूर ह्या दोन्ही तालुक्यांत निरेच्या डाव्या कालव्याखालची जमीन वेगळी आणि वरची जिरायत वेगळी. जिरायतीत पाणी हवे तर विहीर, आणि विहीर म्हटली की मुरूम संपून कातळ लागणारच. मग सुरुंग आले. तात्या तरुणपणी विहिरीच्या टोळीवर होते. कातळात भोके पाडायची, दारू भरायची, वाती पेटवायच्या, वर येऊन आडोशाला बसायचे, आणि बार मोजायचे. सात भरले आणि सात वाजले तर खाली उतरायचे. सात भरले आणि सहाच वाजले, तर एक न उडालेला बार खाली आहे. तो कोणत्या भोकात आहे हे सहा ह्या आकड्यावरून कळत नाही. पण तो आहे इतके निश्चित कळते, आणि तेवढ्यावर माणूस जगतो किंवा मरतो. न दिसणाऱ्या धोक्याविषयी आकडा बोलतो, हे ज्ञान तात्यांनी पुस्तकातून घेतलेले नव्हते.

तेव्हा मते तीन झाली. निवाडा कसा करायचा? येथे ह्या खेळाचा एक फार उपकारक स्वभाव उपयोगी पडला. डाव हरताच तो लपवलेले सगळे सुरुंग उघडे करून दाखवतो. म्हणजे पराभव हाच पुरावा. काट्यावरच्या कारकुनाने मस्टरचा एक आखीव कागद घेतला आणि हरलेल्या डावाचा पट त्यावर जसाच्या तसा उतरवून काढला. २ असे लिहिलेल्या घराला अगदी लागून सुरुंग सापडला, तेव्हा अंतराचे मत कोसळले. त्याच २ भोवतीची घरे मोजली तर सुरुंग बरोबर दोन निघाले. मग शंका आली की, कोपऱ्याला कोपरा लागलेले घर धरायचे की नाही? ज्या १ च्या चारही बाजूंना काही नव्हते आणि फक्त तिरक्या घरात सुरुंग होता असा एक १ शोधून काढला, आणि तीही शंका मिटली. अशा रीतीने पाचसहा कागद भरले आणि नियम ठरला. बुद्धिबळातला राजा एका चालीत ज्या ज्या घरांत पाऊल टाकू शकतो, त्या सर्व घरांत मिळून किती सुरुंग आहेत, ते आकडा सांगतो. मधल्या घराला असे आठ शेजारी, कडेच्या घराला पाच, कोपऱ्याच्या घराला तीन. एकही शेजारी सुरुंग नसेल तर घर कोरे राहते, आणि कोऱ्या घराचे सगळे शेजारी यंत्र आपणहून उघडते. मैदान एकदम मोकळे होते ते त्यामुळे. उजवे बटण दाबले की घरावर लाल निशाण लागते, म्हणजे ‘येथे सुरुंग आहे’ अशी आपली नोंद. निशाण लावलेले घर डाव्या बटणाने उघडत नाही. वरचा १० हा आकडा म्हणजे एकूण सुरुंगांतून लावलेली निशाणे वजा केल्यावर उरणारी संख्या.

नियम कळला की खेळ आला, असे मात्र नव्हे. नियमापासून निर्णयापर्यंत जायला युक्तिवाद लागतो.

सर्वांत सोपा युक्तिवाद मोजणीचा. १ ह्या घराभोवती न उघडलेले एकच घर उरले असेल तर सुरुंग तेथेच, निशाण लावा. २ भोवती दोनच बंद घरे असतील तर दोन्हींत सुरुंग. आणि उलट, एखाद्या १ शेजारचा सुरुंग सापडून निशाण लागले असेल, तर त्या १ भोवतीची बाकीची सगळी बंद घरे निर्धोक, बेधडक उघडा. केवळ ह्या दोन गोष्टींवर सोपा डाव बहुतेक वेळा पार पडतो. हिशेब पुरा झालेल्या आकड्यावर दोन्ही बटणे एकदम दाबली, तर उरलेले शेजारी यंत्र एका झटक्यात उघडते. ही सोय हात बसल्यावरच वापरावी. निशाण चुकीच्या घरावर असेल तर बारही झटक्यातच उडतो.

दुसरा युक्तिवाद वजाबाकीचा, आणि खरी गोडी तेथून सुरू होते. समजा, पटाच्या डाव्या भिंतीपासून बंद घरांची एक ओळ आहे. तिच्यातील पहिल्या तीन घरांना अ, ब, क म्हणू. त्यांच्या खालची ओळ उघडलेली असून तिच्याही खाली सारे मोकळे आहे. अ च्या खाली १ आहे आणि ब च्या खालीही १ आहे. पहिला १ भिंतीला लागून असल्यामुळे त्याला फक्त अ आणि ब दिसतात. म्हणजे त्या दोघांत मिळून एक सुरुंग. दुसऱ्या १ ला अ, ब आणि क अशी तिन्ही दिसतात, आणि त्या तिघांतही मिळून एकच. तो एक तर अ-ब मध्येच खर्ची पडला! म्हणून क निर्धोक. येथे मौज अशी की, अ मध्ये सुरुंग आहे की ब मध्ये हे आपल्याला अजून ठाऊक नाही, आणि तरीही क विषयी आपण छातीठोक बोलू शकतो. दुसऱ्या घरात १ ऐवजी २ असता तर त्याच न्यायाने क मध्ये सुरुंग नक्की झाला असता. टाइमकीपरना हे फार लवकर उमगले. ते म्हणाले, “पाळीवर दोघांपैकी एक गैरहजर आहे हे कळलं, आणि तिघांत मिळून गैरहजेरी एकच आहे हेही कळलं, तर तिसरा हजर आहे हे सांगायला नावं कशाला लागतात?”

तिसरा युक्तिवाद उलटतपासणीचा. खातेनिहाय चौकशीत कामगाराच्या बाजूने उभे राहिलेल्यांना तो सरावाचा असतो. साक्षीदार सांगतो ते क्षणभर खरे धरून चालायचे आणि त्यातून काय अनर्थ निघतो ते दाखवायचे. बंद घरांच्या लांब ओळीखाली १, २, १ असे तीन आकडे शेजारी शेजारी आहेत असे समजा. मधल्या २ च्या थेट वरचे घर घ्या आणि म्हणा की सुरुंग ह्यात आहे. तसे असेल तर डावीकडच्या १ चा हिशेब त्यातच पुरा झाला, त्याला दिसणारे दुसरे कोणतेही घर भरलेले असू शकत नाही. उजवीकडच्या १ चेही तसेच. मग मधल्या २ च्या वाट्याला एकच सुरुंग येतो. पण तो तर दोन म्हणतो. साक्ष खोटी ठरली. सुरुंग मधल्या घरात नाही. मग दोन भरायचे तर दोन्ही १ च्या थेट डोक्यावरच्या घरांत एकेक. आणि त्यांच्याही बाहेरची दोन घरे निर्धोक. एका तपासणीत पाच घरांचा निकाल लागला. हे एकदा स्वतः शोधून काढलेल्या माणसाला पुढे १-२-१ दिसताच विचार करावा लागत नाही, डोळाच निशाण लावतो. ज्याला हे कोणी आयते सांगितले, त्याला ते लक्षात ठेवावे लागते. म्हणून कचेरीत आम्ही एक दंडक घातला होता. ज्याला युक्ती सापडेल त्याने ती दुसऱ्याला सांगायची नाही. फक्त “ह्या तीन आकड्यांकडं बघा” इतकेच म्हणायचे. तंबाखूवरून होत नसतील इतकी भांडणे ह्या दंडकावरून झाली, पण तो टिकला.

परंतु युक्तिवादालाही शेवट असतो. सोप्या डावात ८१ घरांत १० सुरुंग, म्हणजे शंभरांत सुमारे बारा. मधल्या डावात २५६ घरांत ४०, शंभरांत सुमारे सोळा. कठीण डावात ४८० घरांत ९९, म्हणजे जवळजवळ दर पाच घरांत एक. दाटी वाढते तशी कोरी मैदाने लहान होतात आणि अशा जागा वाढतात की, जेथे कितीही डोके चालवले तरी दोन घरांपैकी सुरुंग कोणत्या घरात हे आकड्यांवरून निघतच नाही. कोपऱ्यात दोन बंद घरे उरतात, त्यांना लागून असलेल्या प्रत्येक आकड्याला दोन्ही घरे सारखीच दिसतात, आणि शेवटी छापा-काटा. पुष्कळ खेळाडू येथे रागावतात. आमच्या मते खेळ खरा पारखतो तो येथेच. कारण जुगार खेळण्याआधी हा जुगारच आहे ह्याची खात्री करून घेणे, हे काम बहुतेकांना कंटाळवाणे वाटते. वरच्या कोपऱ्यातला उरलेल्या सुरुंगांचा आकडा पाहिला का? कित्येकदा एखाद्या बंद खिशात दोन सुरुंग बसवण्याची एक रीत असते आणि तीन बसवण्याची दुसरी. वर जर २ उरले असतील तर प्रश्न तेथेच सुटतो. पटाच्या दुसऱ्या टोकाला अजून पक्के उघडता येईल असे घर शिल्लक नाही ना? ते असताना संशयाच्या घरावर बोट ठेवणे हे धाडस नव्हे. आणि जे दोन घरांचे कोडे सर्व बाजूंनी बंद झालेले आहे, ज्याच्यावर पुढच्या कोणत्याही माहितीचा परिणाम होणार नाही, ते शेवटासाठी राखून ठेवण्यात काय हशील? तो जुगार आधीच खेळून घ्यावा. हरायचे असेल तर दहा मिनिटे घालवण्याआधी हरावे.

पहिल्या घराची मात्र भीती बाळगू नये. पहिला बार कधी उडत नाही. एक्सपीपर्यंतच्या आवृत्त्यांत अशी योजना होती की, पहिल्याच क्लिकखाली सुरुंग आला तर यंत्र तो गुपचूप उचलून डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवी, आणि तेथे आधीच एक असेल तर पुढच्या मोकळ्या घरात. नवशिक्याला एवढी सवलत देणारे मुकादम आम्ही थोडेच पाहिले.

हा खेळ पोरखेळ आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. २००० साली बर्मिंगहॅम विद्यापीठातील गणितज्ञ रिचर्ड के ह्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न साधा दिसतो. अर्धवट उघडलेला एखादा पट समोर ठेवला, तर त्यातील सगळे आकडे एकाच वेळी खरे ठरतील अशी सुरुंगांची एखादी तरी मांडणी शक्य आहे की नाही, हे सांगायचे. कोणी मांडणी दाखवली तर ती बरोबर आहे की नाही हे झटपट तपासता येते. पण ती शोधून काढायची म्हटली तर पट मोठा होत जाईल तसतशा शक्यता अशा वेगाने वाढतात की, सर्वांत वेगवान यंत्रही थकते. के ह्यांनी सिद्ध केले ते असे. हा प्रश्न गणितज्ञांना छळणाऱ्या प्रश्नांच्या त्या मोठ्या कुळातला आहे, ज्यातील एकाला झटपट सोडवण्याची सर्वसामान्य रीत सापडली तर सगळ्यांनाच सापडेल. अशी रीत असू शकते की नाही हे ठरवणाऱ्यास दहा लाख डॉलरचे पारितोषिक देण्याची घोषणा अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने त्याच वर्षी केली. ते आजवर कोणी मिळवलेले नाही. हे आम्ही कचेरीत सांगितले तेव्हा एक जण म्हणाला, “म्हंजे आम्हाला जमत न्हाई त्यात आमचा काय दोष न्हाई.” अगदी तसे नाही, पण त्या संध्याकाळी आम्ही त्यांना दुरुस्त केले नाही.

कामगार चळवळीचे आणि संगणकाचे नाते सरळ नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात संगणक बसवण्यास कडवा विरोध केला. बँकांत वर्षानुवर्षे वाद चालला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना व इंडियन बँक्स असोसिएशन ह्यांच्यात यंत्रे कोठे आणि किती आणायची ह्याचा करार झाला. ह्या विरोधाची आज टिंगल होते, ती आम्हाला मान्य नाही. माणसाची भाकरी जात असेल तर तो यंत्रापुढे आडवा पडणारच. पण आडवे पडण्याचे दिवस संपल्यावर जी माणसे टेबलाशी उरली, त्यांच्या बोटांचे काय, हा प्रश्न करारात मावत नाही. तो अशा एखाद्या उन्हाळ्यात, पंख्याखाली, खुर्च्या ओढून सोडवावा लागतो.

त्या वर्षी गाळप सुरू झाले तेव्हा काट्यावर आणि टाइम ऑफिसात बहुतेक जण आपापल्या जागी राहिले. दोघांनी स्वतःहून यार्ड मागून घेतले. त्यांच्या डोळ्यांना पडदा सोसत नव्हता, आणि तसे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. खेळ येतो म्हणून काटा चालवता येतो असे कोणी समजू नये. वजनाची पावती काढण्याचे काम वेगळे, आणि ते कारखान्याच्या पंधरा दिवसांच्या शिकवणीतच ते शिकले. पण शिकवणीच्या पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मुलाने “राइट क्लिक करा” म्हटल्यावर सगळ्यांची मधली बोटे एकदम दाबली गेली. पावतीवरचे एकूण वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ ऊस ह्या तिघांचा मेळ बसत नाही असे दिसताच काट्यावरचे कारकून पुढची नोंद करीनात. “आधी हे घर उघडू द्या,” असे ते म्हणत. त्या मुलाला त्याचा अर्थ पुष्कळ दिवस कळला नाही.

ह्या खेळाच्या नावावरही एकदा वाद झाला. जगात अनेक देशांत युद्धे संपल्यावरही जमिनीत पेरलेल्या सुरुंगांनी शेतकऱ्यांचे आणि मुलांचे पाय जात होते. त्यांच्यावर बंदी आणणारा करार डिसेंबर १९९७ मध्ये कॅनडातील ओटावा येथे सह्यांसाठी मांडला गेला, आणि त्यासाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेला त्याच वर्षी शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारत ह्या करारात सामील झालेला नाही. ज्या गोष्टीने माणसे लुळी होतात तिचा खेळ करावा काय, असा आक्षेप इटलीतून निघाला. २००७ साली घरोघर पोहोचलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये सुरुंगांऐवजी फुले निवडण्याची सोय झाली. फुलावर पाय पडला की डाव संपला. तात्यांना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, “फुलाला कोन भितं? मग आकडा कशाला मोजील मानूस?” त्यांचे एक बोट विहिरीवर गेलेले आहे, तेव्हा ह्या विषयावर त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार आम्हाला नाही.

२०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून हा खेळ यंत्राबरोबर आयता मिळेनासा झाला. हवा असेल तर वेगळा उतरवून घ्यावा लागतो. आता तो बहुतेक लोक मोबाइलवर खेळतात. तेथे माउस नाही, उजवे बटण नाही. घरावर बोट टेकवले की ते उघडते आणि बोट तसेच दाबून धरले की निशाण लागते; काही प्रकारांत ही रीत उलटी करून घेता येते. जाड बोटांच्या माणसाने ती जरूर करून घ्यावी, म्हणजे घाईत टेकलेल्या बोटाने घर न उघडता नुसते निशाण लागेल, आणि ते काढता येईल. पट मोठा करून घरे थोरली घ्यावीत, आणि एस.टी.त खेळू नये. भिगवणच्या रस्त्यावर एक खड्डा आला की शेजारचे घर उघडलेच म्हणून समजा.